मायचे अर्धे चित्र

मास्तरांची आणि माझी पहिली ओळख कानांनी झाली. सेलूच्या बाजारात माझी कापसाची आडत नुकती कुठे उभी राहिली होती. शेळ्या राखून मला वाढवणारी माझी माय गावाकडून आली की दुकानाच्या ओट्यावर बसे. एका दुपारी सौदा चालू असताना बाहेर बारीक खरखर ऐकू आली. डोकावलो, तर शाळेचे ड्रॉइंग मास्तर आबासाहेब पेन्सिलीने मायचे चित्र काढीत बसलेले.

"माय, मान अशीच राहू द्या."

"अजून किती येळ, गुरुजी? इतक्यात बोकडाचा सौदा बी व्हतो."

मास्तरांना नड होती. शाळा तपासणारे मोहतमिमसाहेब यायचे होते. चित्र पसंत पडले तर परभणीच्या मोठ्या शाळेत बढती ठरलेली. उजवा डोळा झाला, सुरकुत्या झाल्या, आणि मायने एकदम हात उचलून पदर ओढला.

"बास! चित्र पुरं झालं की मानसाचं आयुष्य बी पुरं व्हतं म्हन्तेत. मला नातवंडं बघायचीत अजून."

ती आत गेल्यावर मी हळूच म्हणालो, "मास्तर, घरी बसून पुरे करा. तिला कोण सांगायलंय?"

"शेटजी, गिऱ्हाइकाची पाठ फिरली की तुम्ही काट्याला बोट लावता का?"

हमालांसकट सारे दुकान हसले. मलाही हसावेच लागले.

मास्तर ते अर्धेच चित्र साहेबांपुढे घेऊन गेले. मी शाळेच्या व्हरांड्यात होतो, आणि कान माझे तिखट. "अधूरी क्यूँ?" साहेबांनी विचारले. "हुजूर, बूढी माँने इत्तीच इजाजत दी." साहेबांनी डोळ्याची तारीफ केली, बढती मात्र रंगीत, पूर्ण चित्र आणणाऱ्या दुसऱ्या मास्तरांना दिली. आबासाहेब तडक दुकानात आले, चित्र माझ्या हाती ठेवले आणि चहा मागितला. परभणीचे नुकसान झाले. आम्ही सेलूकर नफ्यात राहिलो. पुढे जिंतूरकडची पोरेही त्यांच्याकडे शिकायला येऊ लागली.

ते चित्र आज माझ्या गादीच्या वर आहे. उजवा डोळा उन्हात चुकार शेळी हेरावी तसा बारीक. डावा म्हणजे नुसती एक रेघ. ओठांचा एकच कोपरा, पुढे कोरा कागद. कोणी म्हणते, म्हातारी हसायलीय. कोणी म्हणते, शिव्या द्यायलीय. मायला ओळखणारे जाणतात की ती दोन्ही एकदमच करते. खाली, पदराकडे निघालेल्या हाताची एक घाईची रेघ आहे. मास्तरांची पेन्सिल तिथेच थांबली. मोठमोठ्या पेढ्यांवर मी सोनेरी चौकटीतली चित्रे पाहिली. त्यांतला माणूस कधीच उठून गेलेला असतो. आमची माय अजून उठायचीच आहे, आणि हे मी आल्यागेल्याला अभिमानाने दाखवतो.

माय आजही शेळ्यांमागे जाते, नातवंडांवर ओरडते, आणि सारे श्रेय त्या अर्ध्या चित्राला देते.

मास्तरांच्या साठीनिमित्त त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांचे चित्र काढले आहे. ते त्यांच्या या गौरवग्रंथाच्या आरंभी छापले आहे. त्यात एक कान आणि अर्धी मिशी नाही, ही छापखान्याची चूक समजू नये. चित्र काढताना माय शेजारी बसून होती. तिनेच त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे तेवढं. गुरुजींला अजून लय जगायचं हाय."