किडनी धुणारी बाई

"मिठागरातल्या बाईला किडनी धुवायला लावली की हेच होणार."

इन्चार्ज सिस्टर हे बोलल्या तेव्हा डायलिसिसच्या वॉर्डात आठ पेशंट होते. आठही जण जागे. प्रत्येकाच्या हातात दोन सुया, शेजारी मशीन. उठून जाता येत नाही. सगळ्यांनी ऐकलं. सिस्टरांचं बोट माझ्याकडे होतं. माझ्या ग्लोव्हजमधून पानी गळत होतं. आम्ही पानीच म्हणतो. त्यावरही त्या हसायच्या.

झालं होतं असं. होळी गावचे एक काका आठवड्यातून तीनदा आमच्याकडे यायचे. वाडीवाले. केळी, भाजी. त्या दिवशी मशीन सुरू झालं आणि काका ओरडले, "हात जळतोय! आग होतेय!" टेक्निशियन म्हणाला, "होतं असं, काका. पडून राहा." काकांचा चेहरा पांढराफटक. दुसरा हात छातीवर. मग पळापळ. मशीन बंद केलं, डॉक्टर आले. काका वाचले. आणि सिस्टर माझ्याकडे वळल्या.

मशीनला रक्त गाळायचं एक नळकांडं लावतात. त्याला आम्ही सगळे किडनी म्हणतो. एकदा वापरून ती टाकत नाहीत. धुऊन त्याच पेशंटला पुन्हा लावतात. रक्त निघून जाईपर्यंत पानी सोडायचं, मग जंतू मारायचं औषध आत भरून ठेवायचं. पुढच्या वेळी लावायच्या आधी ते औषध पार काढून टाकायचं. हे काम माझं. मला घेतलं होतं लादी पुसायला. आधीची मावशी सोडून गेली, तिने जाता जाता दोन दिवस दाखवलं. म्हणाली, "पाच मिनिटं पानी जाऊ दे. मग वास घे. वास नाही आला की झालं."

दीड वर्ष मी वास घेत होते.

माझे आईबाप मिठागरात राबले. नववीपर्यंत शिकता शिकता मीही मीठ ओढलं. त्याची लाज मला कधी वाटली नव्हती. त्या दिवशी मी वॉर्डातून बाहेर आले आणि भेगाळलेले पाय कुठे लपवू असं झालं. आत एक भीती बसली होती. सिस्टर खरं बोलत असतील तर? माझ्याच हाताने काकांचा जीव जाता जाता राहिला असेल तर? घरी ताटावर बसले. माझेच हात मला बघवेनात.

काकांच्या मुलीने लेखी तक्रार दिली. म्हणून ट्रेनिंग ठेवलं. पुण्याहून एक मॅडम आल्या. वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. मी शेवटच्या खुर्चीवर टेकले.

"मावशी, हे स्टाफसाठी आहे," सिस्टर म्हणाल्या. "तू चहा बघ."

कुणी तरी हसलं. मी उठले. ट्रे घेऊन दारात उभी राहिले.

मॅडमनी कागदाची एक बारीक पट्टी वर धरली. म्हणाल्या, "किडनीतून येणाऱ्या पाण्यात ही बुडवायची. रंग चढला तर औषध अजून आत आहे. ती किडनी पेशंटला लावायची नाही. रक्तात औषध गेलं तर हात जळतो, छातीत दुखतं, माणूस जाऊही शकतो. वासावर कधीच जायचं नाही. कुणाकुणाला माहीत होतं हे?"

सगळ्यांनी हात वर केले. सिस्टरांनी सगळ्यात आधी.

तसल्या पट्ट्यांची डबी मी पाहिली होती. सिस्टरांच्या कपाटात, कुलपात. त्या कपाटाची काच मी रोज पुसायचे. यांना माहीत होतं. सगळ्यांना. आणि मी नाक लावून बसत होते. किती पेशंट म्हणाले होते, मावशी, आज अंगाला खाज सुटते, छाती भरून येते. मी म्हणायचे, होतं असं.

ट्रेनिंग संपलं. मॅडम गेल्या. ऑफिसच्या साहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे टाकलं.

"सही कर. येत नसेल तर अंगठा दे."

मी वाचलं. शेवटची ओळ मराठीत होती. किडनी धुण्याचं आणि तपासण्याचं प्रशिक्षण मला मिळालं आहे, यापुढची जबाबदारी माझी राहील.

"साहेब, मी आत नव्हते."

"दारात होतीस ना? ऐकलंस ना सगळं?"

"मी चहा देत होते."

"नाटकं नकोत. सही कर."

नवऱ्याचं काम सुटलेलं, घरात दुसरी कमाई नाही. तरी बोलले. "नाही करणार. मला शिकवा. तोवर मी किडनीला हात लावणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मी आले. धुणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून कुणी अडवलं नाही. धुण्याच्या खोलीत जाऊन उभी राहिले. ग्लोव्हज घातले नाहीत. बाहेर पहिल्या पाळीचे पेशंट बसलेले. टेक्निशियन धावत आला. "मावशी, माणसं थांबलीत. त्यांचं काही झालं तर? कळतंय का तुला?"

मला कळत होतं. त्याच्यापेक्षा जास्त. डायलिसिस चुकलं की छातीत पानी भरतं. माणूस आडवा होऊ शकत नाही, बसून धापा टाकतो. मी पाहिलेत तसे. माझ्या हट्टापायी कुणी गेलं तर? हात आपोआप ग्लोव्हजकडे गेला. धरून ठेवला मी तो, दुसऱ्या हाताने.

"नव्या उघडा," मी म्हटलं. "खोकी भरलीत स्टोअरमध्ये."

तो वळून गेला. त्यालाही माहीत होतं. थोड्या वेळाने खोकं फोडल्याचा आवाज आला.

दोन दिवस महागड्या नव्या किडन्या वापराव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी मॅडमना परत बोलावलं. त्या दुपारभर माझ्याजवळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "रोज करता तसं करून दाखवा." मी पाच मिनिटं पानी सोडलं. वास घेतला. वास नव्हता. त्यांनी पट्टी बुडवली.

रंग चढला.

मी मटकन खाली बसले. मॅडमही माझ्या शेजारी ओल्या लादीवर बसल्या. मग उठून पुन्हा नळ सोडला. पट्टी कोरी यायला किती वेळ लागतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. नळाला जोर कमी असला की आणखी वेळ लागतो, तेही.

दुसऱ्या दिवशी काकांच्या कॉटपाशी गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं.

"काका, तुमचा हात जळला ना, ते औषध आत राहिलं होतं. ती किडनी मी धुतली होती. तपासायचं असतं हे मला शिकवलं नव्हतं. इथे बाकीच्यांना माहीत होतं."

काकांनी मान माझ्याकडे वळवली. "मला तर सांगितलं, बीपीनं झालं, बाय."

मग सुयांचा हात त्यांनी हळूच चादरीखाली ओढून घेतला. माझ्यापासून. आजही मी कॉटजवळून गेले की ते डोळे मिटतात. त्यांचं बरोबर आहे.

सिस्टर माझ्याशी बोलत नाहीत. महिन्याला एकदा तरी कानावर येतं, तुला वरच्या मजल्यावर संडास धुवायला टाकणार. ऐकते आणि पुढची पट्टी बुडवते.

गेल्या आठवड्यात चिंचोटीकडची एक बाई कामाला आली. सिस्टरांनी तिला माझ्यापुढे उभी केली. "हिला संध्याकाळपर्यंत तयार कर. उद्यापासून दुसरी पाळी ही बघेल."

"नाही," मी म्हटलं. "पंधरा दिवस ती नुसती बघेल. मग माझ्यासमोर करेल. मग एकटी. तोवर दोन्ही पाळ्या मी करते."

"तू ठरवणार?"

"हो. आणि त्याआधी तिची सही घेतलीत, तर या वेळी तक्रार मी लिहीन. माझ्या नावाने. पेशंटच्या घरच्यांना वाचून दाखवीन."

त्या निघून गेल्या. ती बाई घाबरून माझ्याकडे बघत होती. मी तिला नळाजवळ उभं केलं.

मला काढा. संडासांना टाका. न शिकवलेल्या बाईचा हात मी कुणाच्या रक्ताला लागू देणार नाही.