भोजलीच्या हॉटेलात मासे मिळत नाहीत

तुमसर रोडला गाडी वेळेवर आली आणि मला खिडकी मिळाली. सोबत एक पिशवी, लाडवांचा डबा आणि परतीचं तिकीट होतं. जाताना मी एकटी होते, पण परतीचं तिकीट दोघींचं होतं. ते माझ्या भाच्याने, सुनीलने, पुण्याहून काढून पाठवलं होतं. दुसरी सीट त्याच्या आईची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, विमलची.

विमल लग्न होऊन भिलाईला गेली आणि तिथलीच झाली. नवरा स्टील प्लांटमध्ये होता. रिटायर झाल्यावर त्यांनी क्वार्टर सोडलं आणि तिथेच रिसालीत दोन खोल्या बांधल्या. आता तो नाही, मुलगा पुण्याला, ती एकटी. मागच्या वर्षी न्हाणीत पडून तिचं उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. तिला कणीक मळता येत नाही, गंज (पातेलं) उतरवता येत नाही. मग ती बाहेर जेवू लागली. हे सुनीलला शेजाऱ्याकडून कळलं आणि त्याला लाज वाटली. त्याने मला सांगितलं, मावशी, तू जाऊन बघ आणि आईला घेऊनच ये, तुमसरहून मी तिला पुण्याला नेतो.

विमलचा फोन वेगळा आला. "बाई, तू ये. मी कुठी जेवते ते डोयानं पाहून घे. तुले पटलं नाही तर मुकाट्यानं येते तुह्यासंग."

माझ्यावर हे काम येण्याचं कारण असं की मी तुमसरला राइस मिलच्या कामगारांसाठी बरीच वर्षं खानावळ चालवली. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण ताटातलं मला कळतं. विमलच्या गळ्यात माळ आहे. मांस-मासळीच्या कढईला लागलेली पळीसुद्धा तिच्या भाजीला चालत नाही. म्हणजे शोध सोपा नव्हता.

गोंदियानंतर जंगल लागलं. दरेकशाच्या बोगद्यात डब्यातल्या पोरांनी आरडाओरडा केला, तो दर वेळी होतो. डोंगरगडला डोंगरावरचं देऊळ दिसलं तसे लोकांनी बसल्या जागी हात जोडले. पुढे धान कापलेली शेतं, मधून मधून तिवऱ्याची (आमच्याकडे लाखोरी म्हणतात) हिरवी पट्टी. दुर्ग मागे पडलं आणि प्लांटच्या चिमण्या दिसू लागल्या. मी भिलाईच्या पावर हाउस स्टेशनला उतरले.

विमल फलाटावर उभी होती, नवीन लुगडं नेसून. वाळलेली नव्हती. हे मी आधी पाहिलं. उलट गालावर थोडं मांस आलं होतं.

त्याच दुपारी तिने मला एका मोठ्या हॉटेलात नेलं. बाहेर "शुद्ध शाकाहारी" असा दिव्यांचा बोर्ड, आत एसी, गुळगुळीत खुर्च्या. विमल खुर्चीच्या काठावर बसली होती. वेटरने तिला ओळखलं नाही, आणि तिला मेन्यू कार्ड उलटं धरलेलं कळलं नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तीन भाज्या मागवल्या. एक लाल, एक पिवळी, एक तपकिरी. तिन्हींत पनीर आणि तिन्हींचा रस्सा एकाच गंजातून काढलेला. वरून रंग आणि मलई वेगळी. कोणत्याही हॉटेलात मी मागच्या बाजूला जाऊन येते, कारण समोरची बाजू गिऱ्हाइकासाठी असते. हात धुवायच्या निमित्ताने गेले. मोरी तुंबलेली होती आणि तिच्याजवळ प्लॅस्टिकच्या वाट्यांचा ढीग होता, जेवण पार्सल करून उरलेल्या. परत येऊन विमलला म्हटलं, इथे तू रोज जेवत असशील तर मी उद्याच तुला घेऊन जाते.

तिने डाव्या हाताने पैसे मोजून बिल दिलं.

घरी आलो तर दाराच्या कडीला कापडी पिशवी लटकलेली. आत स्टीलचा डबा. मी विचारलं कोणाचा. विमल म्हणाली, ठेवला असेल कोणी. रात्री पनीर माझ्या पोटात बसलं नव्हतं, तरी वासाने मी डबा उघडला. फरा होता. तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या गुंडाळ्या वाफवून मोहरी-तिळाची फोडणी दिलेली. गार झाला होता तरी मऊ. मी चार खाल्ले, मग आणखी चार.

"हे कोणी केलं?"

"भोजलीनं."

भोजली म्हणजे काय ते सांगते. छत्तीसगडात श्रावणात बायका टोपलीत गहू पेरतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते कोंब तळ्यात शिरवतात, म्हणजे विसर्जन करतात. त्यातले थोडे एकमेकींच्या कानावर खोवले की त्या दोघी जन्मभराच्या भोजली होतात. त्यानंतर एकमेकींचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, मरेपर्यंत. विमल नवी नवरी असताना जवळच्या उतई गावाकडची एक बाई सेक्टरमध्ये (प्लांटच्या वसाहतीत) टोपलीने भाजी विकायला येई. हिला हिंदी येत नव्हतं, तिला मराठी. तरी त्यांचं जमलं आणि भोजली झाल्या. हे मला माहीत होतं. त्या बाईने हॉटेल काढलं आहे आणि विमल रोज तिथेच जेवते, हे माहीत नव्हतं.

"मग मले त्या चमकीच्या हॉटेलात कावून नेलं?"

विमलने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तिथी टिनाचं छप्पर हाय, बाई. बाकडे हायेत. तू सुनीलले सांगशीन, तो म्हणन माही माय ट्रकवाल्याईत बसून जेवते."

अशी ही अक्कल. जे दाखवून राहता आलं असतं तेच तिने लपवलं होतं. उद्या तिथे जायचं, असं मी सांगून टाकलं.

सकाळी मात्र आधी तिने मला सेक्टरच्या बाजारात इडली खाऊ घातली. भिलाईत सगळ्या मुलखाची माणसं प्लांटसाठी आली आणि आपापला नाश्ता घेऊन आली. हा इडलीवाला आंध्राकडचा, बापाच्या जागेवर मुलगा. पानावर इडली, वर पातळ चटणी. नारळाच्या करवंट्या खालच्या चुलीत जळत होत्या. पीठ संपलं की गाडी बंद करतो, उद्यासाठी ठेवत नाही. मागची बाजू बघायला मागच नव्हती, सगळं समोर. हे पास, म्हणून मी विमलला सांगितलं. तिचा चेहरा जरा उजळला.

तिथून उतईच्या रस्त्याला ऑटो केली. विमलचा नेहमीचा ऑटोवाला लग्नाला गेला होता, हा पावर हाउसचा होता. रस्ता खणून ठेवलेला, म्हणून त्याने गल्ल्यांतून घातली आणि रस्ता चुकला. त्याने मागे वळून विचारलं, होटल का नाम क्या है, माताजी. विमल म्हणाली, नाव नाही, बोर्डच नाही. मग किसका होटल है, ते तरी सांगा. आता आली का पंचाईत. लोक ते हॉटेल तिच्या भोजलीच्या नावाने ओळखतात आणि विमल ते नाव घेणार नाही. मला ते माहीत नव्हतं, कारण पन्नास वेळा बोलूनही विमलने ते कधी उच्चारलं नव्हतं.

"मंगळ झाल्यावर कोणता वार येते?" विमलने ड्रायव्हरला विचारलं.

"बुध."

"हां. त्या दिवशी जन्मली."

ड्रायव्हरने ऑटो थांबवली. "बुधवारा? बुधिया?"

विमल रस्त्याकडे बघत बसली. शेजारी मुळे विकणारी एक म्हातारी ऐकत होती. ती तिकडून म्हणाली, "अरे, बुधियारिन दाई के होटल जाना हे का?" (बुधियारिन आईच्या हॉटेलात जायचं का? दाई म्हणजे तिकडे आई.) विमलने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सरळ हो म्हण ना," मी म्हटलं.

"मी काही बोलली नाही. ते बोलली."

हॉटेल म्हणजे खरंच टिनाचं छप्पर, चार बाकडी, शेणाने सारवलेली जमीन. बाहेर दोन ट्रक आणि बऱ्याच सायकली. चुलीपुढे एक उंच, काळी, हाडकुळी बाई पळी घेऊन उभी होती. वय आमच्याएवढंच. तिने विमलला पाहून "सीताराम भोजली" म्हटलं, हिनेही म्हटलं, आणि लगेच बोलणी सुरू झाली. काल का नाही आली, सून डबा घेऊन गेली तर दाराला कुलूप, कुठे हिंडत होतीस, आणि डबा कुठे आहे. विमल शाळकरी पोरीसारखी ऐकत होती. डबा घरी राहिला होता, त्यावरूनही बोलणी बसली.

मी सरळ मागे गेले. भांडी घासलेलं पाणी नालीने बाडीत (घरामागच्या भाजीच्या तुकड्यात) जात होतं. तिथे लाल भाजी, वांगी, पपई आणि कोचई (आमचा धोपा, अळूच तो) लावलेली. उष्ट्या पत्रावळी एका खड्ड्यात, तांदळाचं धुवण गाईच्या बादलीत. प्लॅस्टिक शोधलं, सापडलं नाही. पाण्याच्या माठावर झाकण नव्हतं, ते मी बोलून दाखवलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि झाकण ठेवलं.

पळसाच्या पत्रावळीवर जेवण आलं. जाड तांदळाचा भात, तिवऱ्याच्या कोवळ्या पानांची भाजी, पाट्यावर वाटलेली टमाट्याची चटणी, आणि इड्डर. इड्डर म्हणजे कोचईच्या पानांना उडदाचं पीठ लावून, गुंडाळून वाफवतात, तुकडे करून ताकाच्या कढीत सोडतात. मी आयुष्यात पुष्कळ वड्या केल्या, अशी कढी मला साधली नाही. घशाला खाज नाही, पीठ कच्चं नाही. विमलच्या पत्रावळीवर भात कालवूनच आला. तिने मागितला नव्हता. डाव्या हाताने ती निवांत खात होती.

बाजूला प्लांटमधला ठेक्यावरचा एक वेल्डर जेवत होता. त्याने माझ्याकडे नवीन गिऱ्हाईक म्हणून तक्रार केली, की इथे सगळं चांगलं मिळतं, फक्त मछरी मिळत नाही. दाई घरी खाते, इथे रांधत नाही. मी बुधियारिनला कारण विचारलं. तिने पळीने विमलकडे दाखवलं. हिच्या गळ्यात माळ. हॉटेल काढलं तेव्हाच ठरवलं, इथल्या कढईत मासा पडला तर ही जेवणार कुठे.

"तो कब बनेगी, दाई?" वेल्डरने विचारलं. रोज विचारत असावा.

"जौन दिन मोर भोजली मरही, तौन दिन मछरी चुरही." (ज्या दिवशी माझी भोजली मरेल, त्या दिवशी मासे शिजतील.)

सगळे हसले. विमल सगळ्यांत जास्त.

मी ज्या कामासाठी आले होते ते तिथेच सांगून टाकलं. विमलचा मुलगा तिला पुण्याला नेणार आहे, आणि मी तिला न्यायला आले आहे. वेल्डर म्हणाला, "ले जाओ दीदी, पुणे अच्छा शहर है. कल से मछरी मिलेगी." बुधियारिनने त्याच्यावर पळी उगारली आणि त्याच पळीने त्याला आणखी भात वाढला. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ले जाबे का, दीदी?" (नेणार का?)

मी म्हटलं, आधी जेवू दे.

जेवता जेवता मी विचार केला. चांगलं अन्न पुण्यातही मिळेल. मला अडचण दुसरीच होती: विमलला ताप आला, पाय मोडला, तर ती या हॉटेलापर्यंत येणार कशी. तेच विचारायला तोंड उघडलं आणि आठवलं, मी काल रात्री आठ फरे खाल्ले होते. ही एक दुपार आली नाही तर डबा दाराशी गेला होता. विचारायचं काही उरलं नाही. मी आणखी इड्डर मागितलं.

संध्याकाळी सुनीलला फोन केला. मी म्हटलं, तुझी आई नीट जेवते, वजन वाढलं आहे, एक तिकीट रद्द कर. तो म्हणाला, मावशी, लोक काय म्हणतील, मुलगा असून आई हॉटेलात जेवते.

"मी खानावळ चालवली तेव्हा रोज एवढे लोक जेवून गेले. ते सगळे अनाथ होते काय?"

तो म्हणाला, मी स्वतः येऊन बघेन. मी म्हटलं, ये, आणि उपाशी ये. विमल बाजूच्या खोलीत होती. तिची भरलेली बॅग दाराजवळ दोन दिवस उभी होती, ती तिने पायाने ढकलत खाटेखाली सारली.

परतीच्या गाडीत माझ्या शेजारची सीट रिकामी होती. रद्द करायला सुनील विसरला की मुद्दाम केली नाही, ते मी विचारलं नाही. त्या सीटवर मी बुधियारिनने दिलेला डबा ठेवला. डोंगरगडला एक बाई चढली, तिला जागा हवी होती. मी डबा मांडीवर घेतला. बोगदा यायच्या आधी तो उघडला आणि तिलाही दोन फरे दिले. तिने खाऊन विचारलं, हे कोणत्या हॉटेलचं.

मी नाव सांगितलं. मी कोणाची भोजली नाही, मला नाव घ्यायला बंदी नाही. म्हणून इथेही लिहिते. भिलाईला गेलात तर एसीत पैसे घालू नका. सकाळी सेक्टरच्या बाजारात इडली खा. दुपारी उतईच्या रस्त्याला बुधियारिनचं हॉटेल विचारा. थंडीत गेलात तर तिवऱ्याची भाजी मागा, इड्डर असेल तर ते आधी मागा. मासे मागू नका. माझी बहीण धडधाकट आहे, अजून पुष्कळ वर्षं तिथे मासे मिळणार नाहीत.