आठ शेतं शोधायला: नशिराबाद, धुळे, साक्री

धाकटी बहीण सुशीला हिचा धुळ्याहून फोन आला तेव्हा मी नशिराबादच्या माझ्या दुकानात एका केळीच्या व्यापाऱ्याचा वजनकाटा उघडून बसलो होतो. ती रडत नव्हती, आणि त्यामुळेच मी घाबरलो.

"भाऊ, हे दुकान विकायला निघालेत. देवानं सांगितलंय म्हणे."

"कुणाला सांगितलं?"

"पुण्याच्या पाहुण्यांना. सभेत उपदेशाला आले होते ते."

माझं डोकं तिथंच फिरलं. देवानं प्रकाशरावांच्या दुकानाबद्दल सांगावं आणि ते पुण्याच्या पाहुण्याला? प्रकाशराव म्हणजे सुशीलाचे यजमान. देवपूर भागात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाणबुडी मोटारी ते पुन्हा गुंडाळून देतात. मुलगी दीना बारावीला. पाहुण्यांचं म्हणणं असं, की दुकान विकावं, दीनाचं नाव कॉलेजातून काढावं आणि तिघांनी साक्रीच्या पुढे एका खेड्यात सेवेसाठी जाऊन राहावं.

आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती. मी पाळक नाही, कुठल्या शास्त्रशाळेत गेलेलो नाही. काटे जसे स्वतः उघडून शिकलो तसंच शास्त्रही स्वतः वाचून शिकलो, आणि दोन्हींत मला फसवणं अवघड आहे. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मला मागून 'खोचक भाऊ' म्हणतात. म्हणू द्या.

शनिवारी सकाळी मोटरसायकल काढली. जाणाऱ्यांसाठी सांगतो: नशिराबादहून निघालात तर सगळा वेळ जळगाव ओलांडण्यातच जातो. पाळधी मागे पडली की रस्ता मोकळा आणि चांगला आहे. टाकी निघतानाच भरा, जाऊन-येऊन पुरते. थंडीत निघणार असाल तर छातीला वर्तमानपत्र लावा. जॅकेटवाले हसतात आणि पुढे कुठेतरी चहाच्या टपरीवर थरथरत भेटतात. एरंडोलला मी चहा घेतला. तिथून पद्मालयाच्या गणपतीला जाणाऱ्यांची एक गाडी उभी होती, त्यातले आजोबा ड्रायव्हरला म्हणत होते, "तू रस्ता इचारत जा रे बाबा, मोबाइल काय सांगस ते ऐकू नको." त्या घटकेला मला तो माणूस फार आवडला. पारोळ्याचा किल्ला रस्त्यापासून जवळच आहे, वेळ असेल तर बघा. मला नव्हता. मी मनातल्या मनात भांडत चाललो होतो.

दुपारी धुळ्यात पोचलो. सुशीलानं शेवभाजी केली होती, तिखट, वर तेलाचा लाल तवंग, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. बाहेर खायची असेल तर महामार्गावरच्या ढाब्यात खाऊ नका, तिथं टोमॅटो घालून गोड करतात. गावात खा.

जेवताना प्रकाशराव खाली बघून बोलत होते. हा माणूस कमी बोलतो. देवाचा खरा धाक असलेला, आणि अशाच माणसाला हे लोक धरतात, याचाच मला संताप.

"भाऊ, पाहुणे त्या गावात गेले होते," ते म्हणाले. "वेशीवर गाडी थांबवून त्यांनी प्रार्थना केली. म्हणाले, प्रभू, या गावात मला भेटणारं पहिलं माणूस जे बोलेल ते तुझं बोलणं. उतरले. एक म्हातारी अक्का बसलेली. त्यांनी विचारलं, इथं येशूचं नाव घेणारे कुणी आहेत का? तर ती स्पष्ट म्हणाली, आठ शेतं."

"आठ शेतं?"

"हो. शास्त्रात म्हटलंय तशी पिकलेली आठ शेतं. म्हणजे आठ गावांत सेवा. इथं सभेत त्यांनी हे सांगितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, आठ शेतांचा कामकरी हा."

"सगळी मंडळी टाळ्या वाजवत होती," सुशीला म्हणाली. "टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाचंही दुकान विकायचं नव्हतं."

मी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "प्रकाशराव, तुमची आई शेताला काय म्हणायची?"

"वावर."

"आजी?"

"वावर."

"गल्लीतली कुठलीही म्हातारी?"

"वावरच."

"मग साक्रीकडची अक्का पुण्याच्या माणसाशी 'शेतं' असं शुद्ध कशी बोलली? शाळा तपासणी होती का तिथं?"

दीना फिसकन हसली आणि आईचा हात पाठीवर पडायच्या आधी आतल्या खोलीत पळाली. प्रकाशराव मात्र चिडले. पहिल्यांदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं. "भाऊ, तुम्ही प्रत्येक गोष्ट काट्यावर घालता. देवाचं बोलणं पण?"

"घालतो. काटा लावायच्या आधी तो शून्यावर आणावा लागतो, प्रकाशराव. रिकाम्या पारड्यावरच आकडा दिसत असेल तर त्याच्यावर काय ठेवलंय याला अर्थ उरत नाही. तुमचे पाहुणे आकडा घेऊनच पुण्याहून निघाले होते."

"सोमवारी दुकानाचं गिऱ्हाईक येतंय," ते म्हणाले. "त्याच्या आत मला खोटं ठरवा."

"तुम्हाला नाही. चला, अक्कालाच विचारू."

रविवारी उजाडताच आम्ही दोघं माझ्याच गाडीवर निघालो. सुशीलानं डब्यात मिरचीची भाजी आणि भाकरी दिली. माझ्या कानाशी एवढंच म्हणाली, "भाऊ, त्यांना हरवून आणू नका, नुसतं परत आणा." मी मान हलवली, पण मला हरवायचंच होतं.

धुळे ते साक्री रस्ता मोठ्या गाड्यांचा आहे. सुरतकडे जाणारे ट्रक दुचाकीला माणसात धरत नाहीत, तेव्हा कुसुंब्यापर्यंत डावी कड सोडू नका. साक्रीच्या आसपास डोंगरांवर पवनचक्क्या दिसायला लागतात. साक्रीहून पिंपळनेरकडे वळलो. दोन्ही बाजूंना कांदा, मधूनमधून ऊस. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथं आणखी गाड्या जाऊन उभ्या राहाव्यात अशी माझी इच्छा नाही.

प्रकाशराव मागे बसून वाटभर प्रार्थना करत होते. मला ऐकू येत होतं. दुकानासाठी नाही, दीनासाठी नाही. "तुझी इच्छा कळू दे" एवढंच, पुन्हा पुन्हा. माझा राग आणखी वाढला. इतक्या सरळ माणसाच्या तोंडात दुसऱ्यानं आपलं उत्तर कोंबायचं म्हणजे काय?

वेशीवर तीच अक्का सापडली. ओट्यावर उन्हात बसून लसूण सोलत होती. शेतकरी घरातली, हिंदू, दारात तुळस. प्रकाशरावांनी अहिराणीत रामराम केला. तिनं मागची पुढची चौकशी केल्याशिवाय सोडलं नाही. कोठला, कोना, सासर कोठे. मग त्यांनी पाहुण्यांच्या येण्याबद्दल विचारलं, "अक्का, मागला महिनामा एक साहेब उना व्हता का? पांढरी मोठी गाडी?"

"उना व्हता ना! येडा व्हता का रे तो?"

"का बरं?"

"त्यानी इचारं, येसूनं नाव लेणारा शेतस का. मी सांगं, आठे शेतस." तिनं लसणाच्या हातानं समोरच्या पत्र्याच्या घराकडे बोट केलं. "नानानं घर ते, समोरच. ते तो बाबा हात जोडीसन रडाले लागना. मना फोटो काढा, वावरस्ना फोटो काढा, गाडीमा बसना आनि निंघी गया. मी म्हनं, अरे घर ते समोर शे, जा ना!"

खानदेशाबाहेरच्यांसाठी उलगडून सांगतो. अहिराणीत 'आठे' म्हणजे इथे. 'शेतस' म्हणजे आहेत. "आठे शेतस," म्हणजे "इथेच आहेत." म्हातारीनं सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं, वर बोटानं घर दाखवलं, आणि साहेबांनी त्यातून आठ शेतं पिकवली!

मी हसायला हवं होतं. हसू आलं नाही. प्रकाशरावांकडे पाहिलं तर ते ओट्याच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांत. ज्या भाषेत त्यांच्या आईनं त्यांना भरवलं त्या भाषेतले दोन शब्द पुण्याहून फिरून आले आणि त्यांना ओळखू आले नाहीत.

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "याले काय व्हयनं? भूक लागनी का?"

समोरच्या घरात नाना भेटले. काठी टेकत बाहेर आले. घरात त्यांची बायको, दोन सुना, शेजारची दोन कुटुंबं, शिवाय पाड्यावरून आलेला एक मावची आदिवासी माणूस. भजन नुकतंच संपलं होतं. हे लोक कित्येक वर्षं दर रविवारी जमतात. यांना कुणी पाठवलं नाही, यांचा फोटो कुठं लागला नाही. गावाशी भांडण नाही. अक्काच्या नातीच्या लग्नात वाढायला नानांचीच मुलं होती.

"म्हणजे पाहुणे तुमच्याकडे आलेच नाहीत?" मी विचारलं.

"नही ना भाऊ. गाडी दिसनी. आमले वाटनं, रस्ता चुकना व्हई."

माझा तोल इथं गेला. मी अंगणातूनच पाहुण्यांना फोन लावला, आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. अक्काचे शब्द सांगितले, अर्थ सांगितला, नानांचं घर कुठं आहे ते सांगितलं. पाहुणे जराही गडबडले नाहीत. मऊ आवाजात म्हणाले, "बंधू, ती काय बोलली याला महत्त्व नाही. प्रभूनं मला काय ऐकवलं याला आहे."

हे वाक्य असं आहे की त्याच्यापुढे कुठलाच पुरावा टिकत नाही. अक्का खोटी, नाना खोटे, समोरचं घर खोटं, कान तेवढे खरे! मी तोंड उघडणार तेवढ्यात प्रकाशरावांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"पाहुणे, मी प्रकाश बोलतोय. मला एक सांगा. देवाला अहिराणी येते ना?"

"अर्थात, बंधू."

"मला पण येते. मग त्याला मला काही सांगायचं असतं तर त्यानं तुम्हाला चुकीचं ऐकवून मला का सांगितलं असतं? अक्काकडूनच सांगितलं असतं. आत्ता तिनं सांगितलं. इथं आहेत म्हणाली. मी ऐकलं."

पलीकडून, "बंधू, सैतान बुद्धीतून..." एवढं आलं. प्रकाशरावांनी फोन बंद करून माझ्या हातात दिला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नानांची सून चहा घेऊन आली. प्रकाशरावांनी दोन घोट घेतले आणि फार हळू विचारलं, "नाना, मी मधून मधून येऊ का?"

नानांनी काठी बाजूला ठेवली. "येवानं व्हई ते ये. पन मास्तर व्हईसन नको येऊ. आमना मास्तर शे." त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या मावची माणसाकडे मान वळवली. तो लाजून हसला. "पाव्हना व्हईसन ये. जेवीसन जा."

परतीच्या वाटेवर कुसुंब्याला चहासाठी थांबलो तेव्हा मी म्हणालो, "झालं ना? मग आता पुन्हा कशाला जायचं?"

"भाऊ, पाहुणे चुकले म्हणून मला जावंसं वाटणं पण चुकलं, असं कुठं ठरलं?"

"म्हणजे देवानंच बोलावलं, असं?"

"मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच दुकान विकणार नाही. आणि माहीत नाही म्हणूनच जाणार."

चहाचे पैसे मी देऊन टाकले, हरलेल्यानं द्यावेत तसे. मी हे इथं कबूल करतोय ते फक्त तपशील पुरा व्हावा म्हणून. सोमवारी गिऱ्हाइकाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. दीना कॉलेजला गेली. सुशीलानं मला निघताना शेव बांधून दिली आणि म्हणाली, "हरवून नाही आणलंत, बरं झालं." कोण हरलं ते मी तिला सांगितलं नाही.

प्रवास इतकाच. नशिराबादला येऊन मी काट्यांना लागलो. राग कमी होईल असं वाटलं होतं, तर गेल्या रविवारी आमच्या जळगावच्या मंडळीत भिंतीवर एक रंगीत पोस्टर लागलं. 'आठ शेतं पिकली आहेत. कामकरी हवेत.' मागे कांद्याची वावरं, पुढे लसणाच्या टोपलीमागे बसलेली अक्का. हात दाखवतेय. कुठे, ते कापलंय. नानांचं घर चौकटीच्या बाहेर गेलंय.

उपासनेतल्या सूचना वाचून झाल्यावर मी उभा राहिलो आणि ती खरोखर काय म्हणाली ते अहिराणीत मोठ्यानं सांगितलं. खेड्यांतून आलेली अर्धी मंडळी हसली. उरलेल्या अर्ध्यांना अर्थ सांगायच्या आत पाळकसाहेबांनी बसायला सांगितलं. मी बसलो नाही. पोस्टर अजून तिथंच आहे, आणि तुमच्या मंडळीतही येईल. आलं तर दुकान विकण्याआधी, मुलीचं नाव काढण्याआधी जिथं बोलावतात तिथं स्वतः जा, आणि तिथल्या भाषेत विचारा.

मग मी नानांना फोन केला. म्हटलं, अक्काला बोलवा, तिला न विचारता तिचं तोंड भिंतीवर लावलंय, तिला कळायला हवं. रागात मी ओरडतच बोलत होतो. अक्का आली, मी सगळं सांगितलं. ती पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, "मना फोटो, जळगावमा? लुगडं ते बरं दिखस ना रे?"

बरं दिसतंय, म्हटलं. हिरवं आहे, काठ स्पष्ट आलाय.