शिरीषदादांची परीक्षा

जर्मनीतल्या आमच्या उंटरश्लाइसहाइममध्ये कुणाचं घर केवढ्याला पडलं हे आम्हा मराठी मंडळींत सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कुणीच ते कुणाला सांगितलेलं नसतं. गणपतीची आरती संपून हातात प्रसाद पडला की पहिला विषय निघतो तो व्याजदराचा. कुणाच्या छपरावर सोलर आलं, कुणी स्वयंपाकघर बदललं, की बायका नजरेनेच हिशेब लावतात आणि पुरुष म्हणतात, "बोनस चांगला झालेला दिसतोय." यात मीही आलेच, उगाच साळसूदपणा कशाला! पण या सगळ्यांत खरा पैसा जोडला तो एकाच माणसाने, आणि स्वतःचा एक आकडा त्याने कधी कुणाला कळू दिला नाही. ते म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे शिरीषदादा.

चिंचवडहून ते इथे आले तेव्हा आमच्यापैकी कुणीच आलेलं नव्हतं. आम्ही "दोन वर्षांत परत जायचंय" म्हणत वर्षानुवर्षं भाडं भरत बसलो, तेव्हा त्यांनी रायहेनहाउस घेतलं, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळीतलं शेवटचं, कोपऱ्यावरचं. पगार झाला की आधी गुंतवायचे आणि मग उरेल त्यात जगायचं, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं. माझ्या नवऱ्याला, प्रणवला, दर महिन्याला थोडे पैसे फंडात टाकायची सवय त्यांनीच लावली. त्याबद्दल एक कपभर चहासुद्धा कधी मागून प्यायले नाहीत. स्वतः मात्र जुनी सायकल आणि कोपरावर पांढरं पडलेलं जाकीट.

आणि संशय! नळ दुरुस्त करायला माणूस आला की ते स्टूल घेऊन त्याच्या शेजारी बसत. एकच प्रश्न दोघांना वेगवेगळ्या दिवशी विचारून उत्तरं ताडून पाहत. एकदा मी पुरणपोळ्या घेऊन गेले, तर दारातच म्हणाले, "काय काम काढलंस?" मला इतका राग आला की पुढच्या होळीला मी मुद्दाम काही दिलं नाही. तर यांचा प्रणवला फोन, "शुभा का रागावलीय? माझ्याबद्दल कुणी काही बोललं का?"

याला कारण होतं. त्यांच्या वडिलांनी निवृत्तीचे सगळे पैसे पतसंस्थेत ठेवले होते, कारण तिथला चेअरमन शेजारचाच, रोज सकाळी सोबत फिरायला येणारा. संस्था बुडाली तरी वडील महिनाभर म्हणत होते, "आपला माणूस आहे, असं करणार नाही." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरं. पण शिरीषदादा पाणीसुद्धा फुंकून पीत, आणि ग्लास कुणी भरला तेही विचारत.

त्यांच्या संशयाने आमचं भलंही केलं. मंडळातला श्रीधर एकदा लाइपझिगकडचे फ्लॅट विकायला लागला. भाडेकरू तयार, टॅक्सची बचत, शिवाय विकणारा आपला. दादांनी त्याला भर मंडळात दहा प्रश्न विचारले आणि आम्ही मागे सरलो. तीन कुटुंबांनी घेतले, आणि त्यांच्या फ्लॅटमध्ये अजून भाडेकरू आलेला नाही. गंमत अशी की ती तीन कुटुंबं श्रीधरशी बोलतात आणि दादांशी बोलत नाहीत. बरोबर ठरलेल्या माणसाला कोण माफ करतं?

गेल्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी खातं उघडलं तर त्यात पाच हजार युरो जास्त. पाठवणारे शिरीषदादा. कारणाच्या जागी लिहिलेलं, भाडं. आम्ही त्यांचे भाडेकरू नाही, तेही आमचे नाहीत.

"चुकून आले असतील," मी म्हटलं.

"शिरीषदादा आणि चुकून?" प्रणव म्हणाला. "अगं, तो माणूस पाच सेंट चुकून पाठवणार नाही. अकाउंट हॅक झालंय, शंभर टक्के."

"मग फोन करून विचारू की."

"त्यांनीच काय सांगितलंय? माझ्या नावाने पैसे आले तर परत पाठवू नका, मला फोनही करू नका. फोनवर मीच आहे कशावरून? आधी बँकेला कळवा."

हे अगदी खरं होतं. मागच्याच दिवाळीच्या फराळाला त्यांनी चकली खात खात सगळ्यांना बजावलं होतं. तरी मला ते पटेना. आपल्याच गल्लीत राहणाऱ्या माणसाबद्दल बँकेकडे तक्रार करायची? रात्रभर मनात नाही नाही ते आलं. हे पैसे काळे तर नसतील? आपलं नाव कशात गोवायचा बेत तर नाही? ज्या माणसाने आम्हाला घर घेण्याइतकं शहाणं केलं, त्याच्याबद्दल मी हे विचार करत होते, आणि ते विचार करायलाही त्यानेच शिकवलं होतं. सकाळी मी बँकेला कळवून टाकलं.

बँकेने काय करावं? दादांचं ऑनलाइन खातंच चौकशीसाठी बंद केलं. दोन दिवसांनी दारावरची घंटा वाजली. दादा उभे, हातात पेढ्यांचा बॉक्स. आमच्याकडे ते रिकाम्या हातांनी येत आणि तसेच जात, त्यामुळे तो बॉक्स बघून मला पाच हजारांपेक्षा जास्त भीती वाटली.

"पास झालीस," ते म्हणाले. "पैसे ठेवून घेतले नाहीस, भोळेपणाने परतही पाठवले नाहीस. बँकेला कळवलंस. गेनाऊ, अगदी बरोबर! असंच माणूस मला हवं होतं."

"म्हणजे? तुम्ही मुद्दाम पाठवलेत?"

"मुद्दामच. बस, सांगतो."

माझ्याच घरात मला बस म्हणाले. त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती, दोन आठवड्यांनी ऑपरेशन होतं. हॉस्पिटलने विचारलं होतं, तुमची फोलमाख्ट कुणाकडे आहे? म्हणजे तुम्ही शुद्धीवर नसाल तर तुमच्या वतीने सह्या कोण करणार, तुमचं घर, पैसा, उपचार, सगळं कोण बघणार? असं कुणी नेमलेलं नसेल तर कोर्ट नेमतं, आणि तो परका माणूसही असू शकतो. त्यांच्या बायकोला, सुरेखावहिनींना, जाऊन सहा वर्षं झाली होती.

"आयुष्यभर जोडलंय गं," ते म्हणाले. "कुणीतरी फाइल उघडणारा येईल, घर विकेल, मी जिवंत असलो तरी मला कळणार नाही. नोटारची वेळ घेतलीय. तू ये, सही कर."

प्रणव स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मला डोळ्यांनी नको म्हणत होता. काय म्हणायचंय ते मला कळत होतं. आम्हीच का? मागे काही कर्ज असेल? उद्या काही कमीजास्त झालं तर लोक म्हणतील, शुभाने म्हाताऱ्याला गुंडाळलं. माझ्याही डोक्यात तेच होतं. पण त्याहून मोठा होता तो राग. वीस वर्षांची ओळख, सुरेखावहिनींच्या आजारपणात मी रोज डबा दिला, आणि या माणसाने मला पाच हजारांचा गळ टाकून पाहिलं!

"आणि विहान?" मी विचारलं. विहान त्यांचा एकुलता एक मुलगा, गेर्लिंगेनला इंजिनीअर. त्याचं नाव त्या घरात चार वर्षांत निघालं नव्हतं. "सख्खा मुलगा आहे ना तुम्हाला?"

"तो नापास झाला," दादा म्हणाले.

"कशात?"

त्यांनी बॉक्सची दोरी बोटाला गुंडाळली. "तो आखेनला शिकत होता. खोली बदलत होता, डिपॉझिटला पैसे कमी पडत होते. मला बोलला नाही, पण मला कळलं होतं. मी त्याच्या खात्यात पैसे टाकले, कारण लिहिलं नाही. बघू म्हटलं, विचारतो का."

"मग?"

"त्याने डिपॉझिट भरून टाकलं. आणि मला आभाराचा मेसेज केला. डांके, पापा."

प्रणव दारातून आत येऊन खुर्चीवर बसला.

"मी त्याला लिहिलं," दादा म्हणाले, "की ती मदत नव्हती, परीक्षा होती. न विचारता पैसे वापरणाऱ्या माणसाच्या हातात मी काही देणार नाही. त्याने दुसऱ्या दिवशी सगळे परत पाठवले. कुणाकडून घेतले कोण जाणे. तेव्हापासून बोलत नाही."

"अहो दादा," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला तो चढलाच, "पोराला वाटलं बापाने न मागता दिलं! त्यात तो नापास कसा झाला? आईच्या मागे त्याला वाटलं की आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे, आणि तुम्ही त्याला पेपर तपासून परत दिलात? मी पास झाले म्हणता ना? मी पास झाले कारण माझा तुमच्यावर विश्वास नव्हता. त्याचा होता!"

दादांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण आता थांबणं माझ्या हातात नव्हतं.

"मी सही करणार नाही. तुमचे पैसेही बँकेने परत पाठवले की संपलं. तुम्ही विहानला फोन लावा."

"उचलणार नाही."

"माझा उचलेल." विहान लहानपणी दुपारी आमच्याकडे असायचा. मी मराठीत बोलायचे, तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा आणि शिरा तेवढा मराठीत मागायचा.

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. त्याने उचलला. "शुभाकाकू!" आवाजात आनंद होता. मी म्हटलं, "विहान, बाबा माझ्यासमोर बसलेत. त्यांच्या हार्टचं ऑपरेशन आहे. त्यांना तुझ्या नावाने फोलमाख्ट करायचीय. घर, पैसे, सगळं तुझ्या हातात." हे मी माझ्या मनानेच बोलले. दादांनी मान वर केली, पण मला अडवलं नाही.

मग तो जर्मनमध्ये म्हणाला, "इस्ट दास वीडर आइन टेस्ट?"

म्हणजे, ही पण परीक्षाच आहे का?

दादा फोनवर वाकले. "नाही रे. या वेळी खरंच."

"मला कसं कळणार, बाबा?" या वेळी तो मराठीत बोलला.

दादांनी माझ्याकडे पाहिलं, प्रणवकडे पाहिलं. यात मध्यस्थी करणं माझ्याच्याने होणार नव्हतं.

"कळायचं नाही," ते म्हणाले. "तरी ये."