न बोलता जेवायची संध्याकाळ

पोरगी बोलंना. मी दारातून हाक मारली, मग आत जाऊन मारली, मग दोन्ही खांदे धरून हलवलं, तरी बोलंना. नुसती माझ्याकडं बघत होती ओठ घट्ट मिटून, आणि ही अशी पोर की झोपेत पण बडबडते. खोलीतले सगळे दिवे बंद. टेबलावर काळं कापड, त्याच्यावर मेणबत्त्या, काळ्या मुठीची सुरी, आडवं कापलेलं सफरचंद आणि चार ताटं. माणसं मात्र दोनच, माझी पोर आणि शाळा सुटल्यावर तिला सांभाळणारी बाई. मी बाईला विचारलं, "व्हॉट हॅपन? व्हॉट यू डू टू हर?" बाईनं ओठांवर बोट ठेवलं फक्त. तेवढ्यात मला दिसलं, एका रिकाम्या खुर्चीपुढं माझ्या आईचा फोटो उभा केलाय. माझ्या मेलेल्या आईचा.

मग मी काय केलं ते मला सलग आठवत पण नाही. फोटो ओढला. त्याच्यापुढं चहाचा कप होता तो कलंडला आणि सगळा चहा फोटोवर गेला. पोरीला उचललं. "यू विच" असं ओरडले, एकदा नाही, पायऱ्या उतरेपर्यंत ओरडत होते. बाहेर हॅलोविनची गर्दी, पोरं पिशव्या घेऊन कॅन्डी मागत फिरत होती आणि त्यातल्याच दोन पोरी टोकदार काळ्या टोप्या घालून चेटकिणी झालेल्या. त्या माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांची आई पण बघत होती. मला त्यांची भीती वाटली नाही हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पोरीचं जॅकेट तिथंच राहिलं होतं. मी माझ्या जॅकेटात तिला गुंडाळून चालत होते आणि रडत होते, आणि कोपऱ्यावर आल्यावर ती एकदम म्हणाली, "मम्मा, यू टॉक्ड. कॅन्डल संपेपर्यंत नो टॉकिंग होतं. नाऊ आजी वोंट कम."

मी तिथंच बसले, फूटपाथवर.

आम्ही केंब्रिजला राहतो, ते मोठ्या कॉलेजवालं नाही, इकडचं कारखान्यांचं गाव, एका घराच्या बेसमेंटमधे. नवरा गाड्यांचे पार्ट बनवतात तिथं दुपारपाळीला असतो, मी वेअरहाऊसमधे पॅकिंगला. माझं शिक्षण अकरावीपर्यंत, तेही अर्धं. इंग्लिश पोरीकडूनच शिकले म्हणा. आधी दोन ठिकाणी पोरीला ठेवून बघितली, एकीकडं दिवसभर टीव्ही, दुसरीकडं ती जिन्यात बसून रडायची. ही बाई मिळाली आणि पोरीचं रडणं थांबलं. साठीची असेल, एकटी राहायची, केस पांढरे लांब. परसात झाडं, घरात वाळवलेली पानं टांगलेली, फळीवर हरणाची शिंगं. नवरा एकदा पोरीला आणायला गेला तेव्हा शिंगं बघून आला आणि म्हणाला, "शिकारी दिसते म्हातारी. जपून राहा, तुझ्यावर नेम धरंल." आम्ही हसलो होतो. ती कधी चर्चला जात नाही हे मला माहीत होतं. पण मग कुठं जाते, काय मानते, हे मी विचारलं नव्हतं. पोरगी हसत घरी येते एवढं मला पुरं होतं.

आमच्या गल्लीत एक बाई होती लहानपणी. तिच्या घरातलं पाणी पण प्यायचं नाही असं आई सांगायची, करणी करते म्हणून. कुणी बघितलं होतं? कुणीच नाही. पण काळं कापड, लिंबू, सुरी, कुणाचा तरी फोटो, हे एकत्र दिसलं की काय समजायचं हे माझ्या अंगातच बसलेलं. त्यात पोर मुकी झालेली. मला दुसरं काही सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. नवरा झोपलेला बघून मी जॅकेट आणि दप्तर आणायला गेले. म्हणलं, दारातूनच घ्यायचं आणि निघायचं. बाईनं दार अर्धंच उघडलं आणि एक पाऊल मागं सरकली. ती मला घाबरली होती. एवढी उंच बाई, मला.

"तू कुणाला फोन केलास का?" हेच पहिलं विचारलं तिनं. पोलिसांना, नाहीतर मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसवाल्यांना. मी नाही म्हणलं, तेव्हा ती भिंतीला टेकली.

ती माझ्याशी नेहमी सावकाश बोलायची, मला समजावं म्हणून. तशीच बोलली. म्हणाली, मी पेगन आहे. खूप जुना धर्म होता तिकडं युरोपात, तो आम्ही आता नव्यानं पाळतो, झाडं, ऋतू, चंद्र, देव आणि देवी दोन्ही. आमच्यातले काहीजण स्वतःला विच म्हणतात, मी पण म्हणते. पण सैतान आमच्यात नाहीच, तो चर्चवाल्यांचा. आणि काल आमच्याकडं मेलेल्या माणसांचा दिवस होता. त्यांचं ताट वाढायचं, त्यांच्याबरोबर न बोलता जेवायचं, कारण आपण बोलत राहिलो तर ते आलेले कळत नाहीत.

मी म्हणलं, "माय मदर फोटो?"

"तुझ्या मुलीनं घरून दप्तरात घालून आणला. मी सांगितलं होतं, माझी गेलेली बहीण जेवायला येणार आहे, तर ती म्हणाली, माझी आजी पण. मला वाटलं तूच दिलास. तिला विचारलं, आजीला काय आवडतं? ती म्हणाली, चहा आणि टोस्ट."

आई व्हिडिओ कॉलवर कायम चहात टोस्ट बुडवत असायची. पोरीनं आजीला एवढंच बघितलेलं.

आई गेली तेव्हा माझ्या वर्क परमिटचे कागद अडकले होते. गेले तर परत येता येईल का, कुणी सांगंना. मी सगळं फोनवर बघितलं. दहाव्याला कावळा शिवंना. भाऊ हात जोडून एकेक कबूल करत गेला, शेवटी म्हणाला, "आई, ताईच्या पोरीला एकदा तरी घेऊन येतो, घराला पाय लावायला," आणि मग शिवला. मी इथं वेअरहाऊसच्या वॉशरूममधे उभी होते. त्यानंतर मी आईच्या नावानं काही केलं नाही. लेकींनी करायचं नसतं म्हणे, आणि इथं कावळे पण कुठं बोलवायचे. आणि ह्या बाईनं, जिचा आईशी काही संबंध नाही तिनं, तिच्यापुढं चहा ठेवला आणि शेजारी नातीला बसवलं. तो चहा मी सांडला. फोटोवर आता आईचा अर्धा चेहरा तपकिरी झालाय. तेवढा एकच छापलेला फोटो होता माझ्याकडं.

मी सॉरी सॉरी म्हणत राहिले. मग विचारलं, सोमवारी पोरीला आणू का.

तिनं जॅकेट आणि दप्तर आणून माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, माझी दोन मुलं होती लहान. घटस्फोटाच्या वेळी नवऱ्याच्या वकिलानं माझ्या देवाच्या फळीचे फोटो कोर्टात दाखवले. मुलं त्याच्याकडं गेली. मला महिन्यातून दोन शनिवार-रविवार. त्यानंतर मी वर्षानुवर्षं सगळं कपाटात ठेवून जगले. आता नाही जगणार तसं. "तुझ्या नवऱ्याला सांग मी कोण आहे ते. सगळं सांग, डिअर. तो हो म्हणाला तर आण. नाही म्हणाला तरी मी रागावणार नाही. पण लपवून नको. उद्या त्याला दुसऱ्याकडून कळलं तर मला कुणी वाचवणार नाही."

रविवारी नवरा भाजी चिरत होता, मूड चांगला होता त्याचा. मी म्हणलं, "अहो, समजा ती बाई ख्रिश्चन नसली, दुसरंच काही मानत असली, तर?"

"दुसरं म्हणजे?"

"म्हणजे त्यांचं असतं ना काहीतरी. झाडाबिडांची पूजा. मेणबत्त्या."

त्यानं सुरी खाली ठेवली. "तिथं काही बघितलंस का तू? सैतानबितान असलं काही असलं तर आत्ता सांग, पोरगी उद्यापासून बंद. माझ्या आईला कळलं तर ती विमानात बसून येईल."

"छे. सहज विचारलं."

"तुला ना सगळीकडं भुतंच दिसतात," तो हसला आणि कांदा पुढं चिरायला लागला. दोन वाक्यं बोलायची होती मला. आपण पण वडाला दोरा बांधतो, आपण पण पितरांना वाढतो, मग हिचं काय वेगळं. एवढंच. मी उठून कुकर लावला.

सोमवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून सकाळीच पोरीला घेऊन गेले. कामावर तर जायचंच होतं. बाईनं दार उघडलं आणि पोरगी तिच्या हाताखालून आत पळाली. बूट काढून रोजच्या जागी लावले आणि टेबलाशी जाऊन बसली पण.

"सांगितलंस?" बाईनं विचारलं.

हो म्हणायचं ठरवून आले होते. तिच्या तोंडाकडं बघून ते येईना. "नो," म्हणलं.

बाई आत गेली, पोरीजवळ गुडघ्यावर बसली, काहीतरी हळू बोलली आणि तिला हाताला धरून परत आणली. बूट तिनंच घातले, एकेक पाय मांडीवर घेऊन. पोरगी विचारत होती, "डिड आय टॉक? इज इट बिकॉज आय टॉक्ड?"

आता ती परत टीव्हीवालीकडं जाते. संध्याकाळी घरी आल्यावर फारशी बोलत नाही. नवरा म्हणतो, मोठी व्हायला लागली, शहाणी झाली. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही, त्याला वाटतं बाईनंच सांभाळायचं बंद केलं, वय झालं म्हणून. तुम्ही तिथं दारात असता, पोर बूट काढून आत बसलेली, बाई तोंडाकडं बघत उभी, कामाची वेळ टळत चाललेली, तर तुम्ही खोटं बोलून हो म्हणला असता का? आणि आदल्या दिवशी, तो कांदा चिरत असताना, तुम्ही ती दोन वाक्यं बोलला असता का?