रेषेवरचा माणूस

टेक्सासमधल्या अर्विंग शहरात आमच्या अपार्टमेंटमागच्या पार्कात रविवारी दुपारी फुटबॉल चालायचा. आठवडाभर घरांची छपरं घालणारी, हॉटेलात भांडी घासणारी माणसं तिथे जीव तोडून खेळायची. आम्ही तीन पुणेकर मित्र पोह्यांचा डबा घेऊन बघायला जायचो.

बाजूच्या रेषेवर साठीतला एक मेक्सिकन माणूस उभा असायचा. काठीला नारिंगी फडकं बांधलेलं. एका टीमनं आणलेला तो लाइन्समन. एका रविवारी त्यानं त्याच टीमच्या गोलवर ऑफसाइडचं फडकं वर केलं आणि गोल रद्द झाला. त्याचेच लोक अंगावर धावून आले, तरी त्याचा हात खाली आला नाही.

मध्यंतरात पोहे पुढे करत आमच्यातल्या मंदारनं आपला देशी प्रश्न विचारला, "अंकल, यात तुमचा मुलगा कोणता?" मुलगा खेळत नसेल तर कुठला बाप एवढ्या उन्हात उभा राहील, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

त्यानं मैदानाची डावी कड दाखवली. "तिथं खेळायचा. मग अमेरिकेच्या फौजेत गेला. इराकमध्ये मारला गेला."

मग त्यानंच मंदारच्या हातातला डबा घेतला आणि म्हणाला, "घरी रविवारची दुपार संपतच नाही. इथं निदान कुणीतरी शिट्टी वाजवतं."

शेवटची शिट्टी वाजली, मैदान रिकामं झालं. तो काठीला फडकं गुंडाळत होता, सोडून पुन्हा गुंडाळत होता. एरवी शिट्टी होताच आम्ही गाडीकडे पळायचो. त्या दिवशी कुणी उठलं नाही.