रांगेच्या शेवटी गंगाराम तात्या

गंगाराम तात्या पाठ उघडी टाकून कधी बसले नाहीत. खानावळीत गेले की भिंतीकडची जागा धरायचे, आणि ती रिकामी नसेल तर ती रिकामी होईपर्यंत दाराशी उभे राहायचे. गॅलरीत कुणाशी बोलायला थांबले तरी पाठ खांबाला टेकवूनच. चाळीतली पोरं त्यांच्या मागून जाऊन 'भॉक' करायची. तात्या खरोखरच दचकायचे आणि छातीवर हात ठेवून म्हणायचे, "मेल्यांनो, काळीज काय भाड्यानं आनलंय माझं?"

मी लांज्याहून बारावी होऊन डिलाईल रोडला आत्याकडे आले, तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन काही महिने झाले होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आत्याच्या दोन खणांच्या खोलीत आत्या, तिचा गिरणीत कामाला असलेला मुलगा विश्राम दादा, वहिनी आणि त्यांचं नुकतंच जन्मलेलं बाळ राहायचे. त्यांनी मला जागा करून दिली. तात्या शेजारच्या खोलीत गावच्या माणसांबरोबर राहत. त्यांचं कुटुंब संगमेश्वरकडे गावी होतं. पहिल्या दिवशी दादरला कॉलेजात मला सोडायला तेच आले, कारण विश्राम दादाला म्हणे काम होतं. मला रस्ता ओलांडायची इतकी भीती वाटत होती की माझे डोळे भरून आले. तात्यांनी ते पाहिलं. म्हणाले, "बाय, भ्यायचं खुशाल. मी पन भितो. फक्त पाय थांबवायचा नाय." आणि माझ्याहून जास्त घाबरत, डावीकडे उजवीकडे चार वेळा बघत, त्यांनी मला पलीकडे नेलं.

ही भीती त्यांना गिरणीने दिली होती. ते साचेखात्यात, कापड विणायच्या खात्यात होते. एकदा मागच्या साच्यावरचा लोखंडी टोकाचा धोटा उडाला आणि तात्यांच्या कानाजवळून जाऊन पुढच्या माणसाच्या डोळ्यात शिरला. "माझ्यावर आलेला तो," तात्या सांगत. "मी वाकलो होतो म्हणून त्याला लागला. तेव्हापासून मागं काय हाय ते कळल्याशिवाय मला घास उतरत नाय." साच्यांच्या खडखडाटात एकमेकांना ऐकू जावं म्हणून ओरडून ओरडून त्यांचा आवाज मात्र असा झाला होता की खालच्या नळावरून त्यांनी हाक मारली तर तिसऱ्या माळ्यावरची माणसं बाहेर येत.

त्या आवाजामुळेच ते जाखडीत हाक द्यायचे. आमच्या रत्नागिरीकडचा हा नाच, मुंबईत त्याला बाल्या नाच म्हणतात. ढोलकीवाला, टाळवाला आणि गाणारा मध्ये बसतात आणि नाचणारे पायात घुंगरू बांधून त्यांच्याभोवती गोल फिरतात. कधी उलटं फिरायचं, कधी बसायचं, कधी जोडीने वळायचं, हे मध्ये बसलेलाच एकजण हाक देऊन सांगतो. तात्यांची हाक आली की नाचणाऱ्यांची डोकी नंतर ऐकत, पाय आधी ऐकत. आणि तात्यांचा एक नियम होता, तो साऱ्या गल्लीला पाठ होता. रिंगण फिरायला लागलं की 'देवाला हात!' ही शेवटची हाक येईपर्यंत ते कुणीही तोडायचं नाही, बाहेरच्याने आत यायचं नाही. एकदा एका हवालदाराला त्यांनी "साहेब, जरा थांबा, फेरा चाललाय," असं सांगितलं होतं. नंतर मात्र चहा पिताना त्यांचा कप बशीवर वाजत होता.

मी एकदा विचारलं, "तात्या, इतकी माणसं बघत असतात, मध्ये बसायला भीती नाही वाटत?"

"तिथंच तर वाटत नाय," ते म्हणाले. "चारी बाजूंनी आपली मानसं फिरत असतात. मुंबईत माझी पाठ झाकलेली अशी ती एकच जागा."

संप लांबत चालला तशी चाळीतली शांतता वाईट होत गेली. दुपारी पुरुष माणसं घरात असायची, पण कुणी कुणाशी बोलायचं नाही. अमका फुटला, तमका पोलिसांच्या गाडीतून गिरणीच्या आत जातो, अशी कुजबुज चालायची. शेजारच्या चाळीतल्या एकाला गाठून मारलं होतं, त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. मारणारी पोरंही परकी नव्हती, तीही आमच्यासारखीच अर्धपोटी होती. त्यांचा पुढारी बबन. कोपऱ्यावरच्या चाळीतला, अंगाने दांडगा. आधीची कितीतरी वर्षं तो तात्यांच्या रिंगणात नाचलेला होता.

त्याच दिवसांत एका सकाळी वहिनी विश्राम दादाच्या डोक्याला तेल लावत होती. तिचा हात मध्येच थांबला. दादाच्या कानामागे, केसांत, कापसाची तुसं होती. गिरणी बंद असताना अंगावर कापूस कुठून येणार? दादाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाळाला डॉक्टर लागतो," तो एवढंच म्हणाला. आत्याने उठून दाराला कडी घातली. त्या दिवसापासून आमच्या घरात मोठ्याने कुणी बोललं नाही. दादा घरी येताना जिन्यातच डोकं झटकायचा आणि मी जाऊन पायऱ्यांवरचा कापूस वेचून आणायचे. कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला बसलं तरी माझ्या बोटांना त्याचा भास व्हायचा.

त्या वर्षी गणपतीत नाच करावा की नाही यावर बरीच बोलणी झाली. तात्या म्हणाले, "पोटात नाय म्हणून पायात पन नको, असं कुठं हाय?" आणि नाच ठरला. ढोलकी विश्राम दादाच वाजवायचा. दुसरा ढोलकीवाला नव्हताच, आणि तो आला नसता तर लोकांना जे कळायचं ते कळलंच असतं. सरावाला तो तात्यांच्या शेजारी बसला. तात्यांनी त्याच्या कॉलरवरून काहीतरी दोन बोटांनी उचललं, पाहिलं आणि खिशात टाकलं. पण तात्यांना जे दिसलं ते आणखी कुणाला तरी दिसलंच.

नाच दुपारी होता, खालच्या चौकात. मी, आत्या आणि बाळाला घेतलेली वहिनी गॅलरीतून बघत होतो. गण झाला, गवळण झाली, रिंगण जोरात आलं. आणि मला बबन दिसला. चौकाच्या तोंडाशी तो उभा होता, बरोबर चार-पाच जण, प्रत्येकाच्या हातात काठी. ते नाचाकडे बघत नव्हते. ते ढोलकीकडे बघत होते.

आत्याने माझा दंड इतका घट्ट धरला की तिथे नंतर वळ उठले. चौकाला बाहेर जायला ती एकच वाट. पोरं आत येत नव्हती, कारण फेरा चालू होता. फेरा संपायची वाट बघत ती उभी होती.

तात्यांना ती आमच्याही आधी दिसली असणार. ते नेहमी म्हणत, "भित्र्याला दार आधी दिसतं." मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पण हाक चालू होती. "उलट!" रिंगण उलटं फिरलं. "बसा!" बसलं. "जोडीनं!" गाणाऱ्याची गाणी संपत आली, त्याने तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून. नाचणारे घामाने भिजले. बबनच्या पोरांतला एकजण बसलाही खाली. शेवट काही येईना. वहिनी पुटपुटत होती, "संपवू नका तात्या, संपवू नका." पण उपाशी माणसं किती वेळ नाचणार?

मग तात्या उभे राहिले आणि त्यांनी हाक दिली, "वेटोळं सोडा रे!"

सगळे चमकले. ही हाक विसर्जनाच्या दिवसाची. ती आली की रिंगण सुटतं, त्याची एक रांग होते आणि नाचत नाचत बाहेर पडते. विसर्जनाला तर अजून अवकाश होता. खालून कुणीतरी हसून ओरडलं, "तात्या चुकले!" पण पायांनी ऐकलं होतं. रिंगण तुटून रांग झाली; 'देवाला हात' अजून म्हटलं नव्हतं, म्हणजे फेरा चालूच होता.

"बबन!" तात्यांनी पुन्हा हाक दिली. "रांगंला म्होरक्या नाय. पुढं हो!"

बबन जागीच थिजला. जाखडीत म्होरक्याचा मान मोठा. आणि हाक आल्यावर नाही म्हणता येत नाही, सारी चाळ बघत असताना तर नाहीच. शिवाय म्होरक्याला एक बंधन असतं, तेही त्याला तात्यांनीच शिकवलेलं: पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, बघितलं तर रांग फुटते. बबनने एकदा ढोलकीकडे पाहिलं, एकदा तात्यांकडे. मग हातातली काठी त्याने शेजारच्याकडे दिली आणि पाय उचलला.

रांग आमच्या डोळ्यांदेखत बाहेर निघाली. पुढे बबन, मग नाचणारे, मग गळ्यात ढोलकी अडकवलेला विश्राम दादा, आणि सर्वांत शेवटी तात्या. तात्यांच्या मागे काठ्या घेतलेली ती पोरं. तात्यांची पाठ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. सदऱ्याला मध्यभागी ठिगळ होतं.

रांग चाळ आणि गिरणीची भिंत यांच्यामधल्या बोळात शिरली आणि दिसेनाशी झाली. नुसती ढोलकी ऐकू येत राहिली. मध्येच ती थांबली. पुन्हा सुरू झाली तेव्हा थाप वेगळी होती, जड आणि वेडीवाकडी. वहिनी मटकन खाली बसली. "ही यांची थाप नाय," ती म्हणाली. "यांना काय झालं? अगो, कुनीतरी बघा, यांना काय झालं?" आम्ही तिघी तिथेच राहिलो. ती वेडीवाकडी ढोलकी लांब लांब जात होती, आणि ती वाजते आहे तोवर कुणीतरी जिवंत आहे एवढंच आम्हाला कळत होतं.

बोळात काय झालं ते दादाने मला पुढे सांगितलं. बोळ एका माणसाच्या रुंदीचा, मध्ये एक वळण. वळणावर पिठाची गिरणी होती, तिचं दुसरं दार मागच्या रस्त्याला उघडायचं. तात्यांनी दादाच्या गळ्यातली ढोलकी काढून स्वतःच्या गळ्यात घातली आणि त्याला आत ढकललं. मागच्या पोरांना दिसलं नाही, कारण वळणात बुचासारखे तात्या होते. दादा त्या दिवशी अँटॉप हिलला वहिनीच्या भावाकडे पोचला. आठवड्याने वहिनी आणि बाळही तिकडे गेले.

बोळातून बाहेर आल्यावर पोरांना कळलं, की ढोलकी कोण वाजवतंय. एकाने मागून काठी घातली, उजव्या खांद्याच्या खाली. तात्या पुढे झुकले, पण मागे वळले नाहीत आणि थांबलेही नाहीत. पलीकडच्या चाळीच्या गणपतीसमोर रांग पोचली, तेव्हाच त्यांनी 'देवाला हात' म्हटलं. मग त्यांना तिथेच ओकारी झाली.

संध्याकाळी आत्या हळदीचा लेप घेऊन गेली. मीही गेले. तात्या भिंतीला पाठ टेकायला बघत होते आणि टेकता येत नव्हती. आत्या रडायला लागली, आभार मानायला लागली. तात्या चिडले. "माझ्यापुढं रडू नको. तुझा पोरगा चुकला. मी उपाशी ऱ्हाईन पन आत जानार नाय. पन रिंगणातल्या ढोलकीवाल्याला कुनी हात लावायचा नाय, एवढंच." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बाय, ते दार लाव गो. जाम भ्यालोय मी."

ते खरोखरच आत गेले नाहीत, शेवटपर्यंत. गिरणीने त्यांना पुन्हा कधी बोलावलंही नाही. उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. पुढे त्यांना फोर्टात एका इमारतीत लिफ्टमनचं काम मिळालं. मी पदवीचा निकाल घेऊन पेढे द्यायला तिथे गेले, तेव्हा ते लिफ्टमध्ये कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. "झकास नोकरी हाय," ते म्हणाले. "तीन बाजूंनी भिंत. समोरचं दार माझ्याच हातात." पेढा कपाळाला लावून त्यांनी खाल्ला आणि मला वरपर्यंत एक चक्कर मारून आणलं. आज मी शाळेत शिकवते. पहिल्या दिवशी वर्गात फळ्याकडे वळून लिहायचं, म्हणजे साठ मुलांकडे पाठ करायची. मी खुशाल भ्याले. मग मी वळले आणि लिहिलं.

तात्या गेले ते चाळीतच. त्यांची बायको आणि मुलगे गावाहून आले होते, विश्राम दादाही आला होता. दादा त्या चाळीत इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच पाय ठेवत होता आणि कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. तिरडी उचलायच्या वेळी बबन आला. केस पिकले होते. त्याला बघून दादा मागे सरकला.

बबन दादासमोर येऊन उभा राहिला. "त्या दिवशी ढोलकीची थाप बदलली," तो म्हणाला, "ती मला बोळातच कळली होती."

दादाने पहिल्यांदाच वर बघितलं. तो म्हणाला, "मग?"

"मग काय? म्होरक्यानं मागं बघायचं नाय." बबनने डोळे पुसले. "तात्यांचा नियम."

लोक म्हणाले, बबन, खांदा दे, पुढे हो. तो नाही म्हणाला. सारी चाळ तात्यांच्या मागून चालली होती, आणि बबन सगळ्यांच्या मागे, रांगेच्या अगदी शेवटी चालत होता. अधूनमधून तो थांबायचा आणि मागचा रस्ता मोकळा आहे ना, ते वळून बघायचा.